घरात डीप फ्रायर घ्यावा का? खानदेशी तळणाचा हिशेब

आखाड लागला की खानदेशातल्या घरांमध्ये कढई शेगडीवरून उतरायला तयार नसते. गुळाचे गुलगुले आणि तिखट-मिठाच्या पुऱ्या होतात न होतात तोच गणपती येतात, मग दिवाळीचा फराळ. थंडी पडली की बामणोदच्या वांग्यांचे भरीत आणि त्याच्या जोडीला कळण्याच्या पुऱ्या. उन्हाळ्यात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, सांजोऱ्या. आणि उन्हात वाळवून डब्यात भरलेल्या कुरडया नि पापड तर पाहुणा दारात आला की बाहेर निघतातच. इतके तळण ज्या घरात होते तिथे विजेवर चालणारा, तापमान आपोआप सांभाळणारा डीप फ्रायर असावा असे कोणालाही वाटेल. आम्हालाही वाटले होते. अमळनेरच्या आमच्या सहा माणसांच्या घरात असा फ्रायर दोन वर्षे होता, आणि तो घेण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारायला हवे होते हे आम्हाला तो घेतल्यानंतर कळले. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरे काढण्याची रीत मी येथे मांडते आहे.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. एअर फ्रायर आणि डीप फ्रायर या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. एअर फ्रायर ही गरम वारा जोरात फिरवणारी छोटी भट्टी असते. तिच्यात तेलाची टाकी नसते आणि बेसनाचे ओले पीठ सोडले तर भजी होण्याऐवजी पीठ जाळीतून खाली गळते. डीप फ्रायरमध्ये खरोखर तेल भरावे लागते, पदार्थ त्यात बुडतो, आणि तळणाचे जे काही गुणदोष आहेत ते सगळे तसेच राहतात. तेल कमी खायचे म्हणून डीप फ्रायर घेणाऱ्याची निराशा ठरलेली आहे.

पहिला हिशेब तेलाचा

दुकानात यंत्राची किंमत विचारली जाते, वॉट विचारले जातात, वॉरंटी विचारली जाते. सगळ्यांत आधी विचारायचा प्रश्न मात्र हा आहे की टाकीतल्या खालच्या खुणेपर्यंत किती तेल लागते. त्या खुणेच्या खाली तेल असताना यंत्र चालवायचे नसते, कारण तापणारी कांडी तेलाबाहेर उघडी पडण्याचा धोका असतो. घरगुती फ्रायरला त्या खुणेपर्यंत दीड ते अडीच लिटर तेल सहज लागते, आणि स्टीलच्या हॉटेली धाटणीच्या फ्रायरला त्याहून बरेच जास्त.

आपली कढई या बाबतीत किती शहाणी आहे हे आकड्यांनी पाहण्यासारखे आहे. गोल बुडाच्या कढईत मध्यभागी ४ सेंटिमीटर खोल आणि वर २० सेंटिमीटर रुंद एवढे तेल घेतले, तर ते सुमारे ६६० मिलिलिटर भरते. तेवढ्या रुंदीत चार-पाच पुऱ्या नसल्या तरी एक पुरी ऐसपैस फुगते आणि दहा-बारा भजी मोकळी फिरतात. उलट २० सेंटिमीटर लांब-रुंद आणि सपाट बुडाच्या टाकीत ६ सेंटिमीटर तेल घेतले की ते २४०० मिलिलिटर होते. वरचा पृष्ठभाग जवळजवळ तेवढाच, आणि तेल साडेतीन पट. पूर्वीच्या कोणी कारागिराने हे गणित कागदावर केले नसेल, पण कढईचा गोल बुडाचा आकार थोड्या तेलात रुंद पृष्ठभाग मिळावा यासाठी अगदी नेमका आहे.

आता तळून झाल्यावर काय उरते ते पाहावे. मी तीन वेळा मोजले तेव्हा अर्धा किलो भज्यांनी साधारण ७५ ते १०० मिलिलिटर तेल घेतले. कढईत उरलेले साडेपाचशे मिलिलिटर तेल गाळून ठेवले की दोन-तीन दिवसांत फोडणीला, वांग्याच्या भाजीला, शेवभाजीच्या तर्रीला संपून जाते. फ्रायरमध्ये उरलेले २३०० मिलिलिटर तेल सहा माणसांच्या घरात तसे संपत नाही. ते पुढच्या तळणासाठी ठेवावे लागते, आणि पुढचे तळण लांबले की ते तेल बसून खराब होते. समजा तेल १५० रुपये लिटर आहे आणि तीन तळणांनंतर टाकी रिकामी केली. पदार्थांनी ३०० मिलिलिटर शोषले असे धरले तरी २१०० मिलिलिटर, म्हणजे ३१५ रुपयांचे तेल वाया गेले. दर तळणामागे हा १०५ रुपयांचा दंड आहे, आणि तो भज्यांच्या पोटात गेलेल्या तेलाच्या पैशांशिवायचा आहे. आपल्या गावच्या दराने हा आकडा प्रत्येकाने बदलून घ्यावा. हिशेबाची रीत तीच राहते.

सावदा-रावेर पट्ट्यात केळीचे वेफर्स तळणाऱ्यांची मोठी कढई दिवसभर पेटलेली असते आणि तरीही त्यांचे तेल टिकते, तेव्हा आपलेच का खराब व्हावे, अशी शंका येईल. त्याचे कारण असे की वेफर्ससारखा पातळ पदार्थ आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा तेल घेतो, त्यामुळे त्या कढईतले तेल सतत बाहेर जाते आणि तिच्यात सतत ताजे तेल ओतले जाते. तेल जुने व्हायला उसंतच मिळत नाही. मोठी टाकी परवडण्याचे खरे कारण ही उलाढाल आहे, आणि घरात नेमकी तीच नसते.

आपण तळतो काय?

दुसरा प्रश्न पदार्थांचा. फ्रायरची रचना सुट्या, आपला आकार स्वतः धरून ठेवणाऱ्या, तेलात बुडवून हलवता येतील अशा पदार्थांसाठी आहे: बटाट्याच्या फोडी, फ्रोजन टिक्की, कोंबडीचे तुकडे. हे पदार्थ तारेच्या टोपलीत घालायचे, टोपली तेलात सोडायची, वेळ झाली की उचलून अडकवायची, तेल आपोआप निथळते. या कामाला फ्रायरच्या तोडीचे दुसरे भांडे नाही, हे मान्य केले पाहिजे.

आपले बरेचसे तळण मात्र तेलाच्या पृष्ठभागावर चालते. पुरीला खोलीशी कर्तव्य नसते. तिला रुंदी हवी, वरून झाऱ्याने दाबायला आणि तेल उडवायला हात हवा. टोपलीच्या चौकटीत झारा तिरका करायलाच जागा नसते. शेव सोऱ्यातून गोल फिरवत पाडायची तर टाकीच्या कडा आडव्या येतात. आमच्याकडे पहिल्याच दिवाळीला मी हौसेने शेव फ्रायरमध्ये पाडली. पहिला फेर नीट बसला, दुसऱ्या फेराला सोऱ्या कडेला टेकला आणि पिठाच्या तारा टोपलीच्या जाळीत विणल्यासारख्या अडकून तिथेच कडक झाल्या. ती टोपली दाभणाने साफ करताना सासूबाई शेजारी बसून शांतपणे कढईत उरलेली शेव पाडत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागले.

भज्यांचेही असेच होते. ओले पीठ टोपलीवर पडले की तारेला चिकटते, म्हणून टोपली काढून भजी थेट तेलात सोडावी लागतात आणि झाऱ्यानेच काढावी लागतात. मग टोपलीचा लाभ उरला नाही. चकली सोडताना आणि उलटताना तिला हळुवार हात लागतो, ती टोपलीत एकमेकींवर आपटून मोडते. अनारसा तर एका बाजूनेच, थोड्या तुपात, झाऱ्याने वर तूप उडवत तळायचा. त्याला अडीच लिटरची टाकी म्हणजे डबक्याऐवजी विहीर. कुरडई तेलात पडताच काही सेकंदांत कितीतरी पट फुलते, तिला जागा लागते आणि तेल चांगले कडकडीत लागते, तर घरगुती फ्रायरचे तापमान बहुधा १९० अंश सेल्सिअसलाच थांबते.

फ्रायर जिथे खरोखर उजवा ठरला असे आमच्याकडे तीन पदार्थ निघाले. पहिला म्हणजे बट्टी. वाफवून कापलेल्या बट्टीच्या फोडी टोपलीत घालून तळल्या की सगळ्या सारख्या रंगाच्या होतात, आणि पंधरा-वीस पाहुण्यांच्या वरण-बट्टीच्या जेवणाला एकीकडे वरणाला फोडणी देताना दुसरीकडे बट्टी करपेल ही धास्ती राहत नाही. दुसरा म्हणजे मंद आचेवर तळायचे पदार्थ: शंकरपाळे, सांजोऱ्या, करंज्या. यांना १५० ते १६० अंशांच्या दरम्यान ठेवले की आत कच्चे आणि बाहेर लाल असा प्रकार होत नाही. सांजोऱ्या मात्र टोपलीत न घालता एक-एक करून सोडाव्यात. तिसरा बटाटेवडा, पण त्यासाठी एवढे यंत्र घरात आणावे असे मला वाटत नाही.

म्हणून निर्णयापूर्वी दीड-दोन महिने तळणाची वही ठेवावी. एखाद्या जुन्या वहीत तारीख, पदार्थ, अंदाजे वजन, कढईत घातलेले तेल आणि उरलेले तेल एवढ्या नोंदी पुरेत. शेवटच्या रकान्यात त्या पदार्थाला रुंदी हवी होती की खोली, एवढे लिहावे. नोंदींमध्ये सण आणि साधे दिवस दोन्ही यायला हवेत, नाहीतर केवळ आखाड पाहून फ्रायर घेतला जातो आणि तो माघ-फाल्गुनात माळ्यावर जातो. सहा माणसांच्या घरात आठवड्यातून एकदा तरी खोलीचे, सुटे पदार्थ तळले जात असतील तर फ्रायरचा विचार करावा, त्याहून कमी असेल तर करू नये, असे माझे मत झाले आहे.

तापमान: फ्रायरची खरी देणगी

फ्रायरच्या बाजूने बोलायचे तर त्याचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आपोआप सांभाळणारा भाग, ही त्याची सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि तिचे महत्त्व कळण्यासाठी तेलात काय घडते ते समजून घ्यावे. पदार्थ गरम तेलात पडला की त्यातल्या पाण्याची वाफ होऊन ती बाहेर धावते. जे बुडबुडे आपल्याला दिसतात ते त्या वाफेचेच. ही वाफ बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो. तेल थंड पडले की पदार्थ जास्त वेळ तेलात राहतो आणि तेलकट होतो. शिवाय पदार्थ बाहेर काढल्यावर तो निवू लागतो तेव्हा वरचे तेल आत ओढले जाते, म्हणून काढताक्षणी झटकून निथळवणे हे कागदावर पसरण्याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्वाचे आहे.

एका वेळी किती घालावे याचेही गणित आहे. अर्धा किलो कच्च्या केळीचे काप कुरकुरीत करायचे म्हणजे त्यांतले तीनशे ग्रॅमहून अधिक पाणी वाफ करून उडवावे लागते. त्यासाठी सुमारे ७८० किलोज्यूल उष्णता लागते, आणि २००० वॉटची कांडी अखंड चालली तरी तिला ती द्यायला साडेसहा मिनिटे लागतात. सगळे काप एकदम घातले तर एवढी उष्णता तेलातूनच ओढली जाते आणि तेल धाडकन थंड पडते. काप एकमेकांना चिकटतात, मऊ होतात, तेल पितात. थर्मोस्टॅट जादू करत नाही. तो फक्त तेल तापवण्याची आठवण ठेवतो. म्हणून तेलाच्या वजनाच्या साधारण सहाव्या हिश्श्याहून अधिक पदार्थ एका वेळी घालू नये, फ्रायर असो की कढई. वेफर्स करणारी माणसे किसणी थेट कढईवर धरून काप एक-एक करून तेलात पाडतात, त्यामागे हेही एक कारण आहे. काप सुटे राहतात आणि तेलाला सावरायला वेळ मिळतो.

आमच्याकडे भजी १७० ते १८० अंशांत, पुरी १९० च्या आसपास आणि गुलगुले १६० च्या खाली चांगले होतात. गुळाचा पदार्थ लवकर काळवंडतो, त्याला घाई चालत नाही. बटाट्याच्या बाबतीत आणखी एक काळजी आहे: पिष्टमय पदार्थ फार तापलेल्या तेलात गडद तांबूस होईतो तळले की त्यांत अ‍ॅक्रिलामाइड नावाचा अपायकारक घटक वाढतो, म्हणून युरोपीय संघाच्या २०१७ च्या नियमांत बटाट्याच्या फोडी तळताना तेल १७५ अंशांच्या खाली ठेवावे असे सांगितले आहे. सोनेरी रंगावर थांबावे, हा त्याचा घरगुती अर्थ.

आधी कढईवर तालीम

हा तापमानाचा लाभ फ्रायर न घेताही मिळू शकतो, आणि मी सर्वांना आधी हाच प्रयोग करायला सांगते. ३०० अंशांपर्यंत मोजणारा, लांब सळईचा स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्यावा. कढईच्या कडेला तो असा धरावा की सळईचे टोक तेलात बुडेल पण बुडाला टेकणार नाही. बुडाला टेकले की आकडा फसवा येतो. तेल मध्यम आचेवर तापवावे, १८० अंश झाले की आच थोडी कमी करावी, पदार्थ सोडल्यावर आकडा किती खाली येतो आणि किती वेळात परत वर चढतो ते पाहावे. आकडा वीस अंशांहून अधिक उतरला तर पुढचा घाणा लहान करावा. पहिल्या दोन-तीन वेळा हे कटकटीचे वाटते, नंतर हात आपोआप नॉबकडे जातो.

पिठाची चिमूट टाकून तेल पाहण्याची जुनी रीत यामुळे बाद होत नाही. सासूबाईंची चिमूट आणि माझा थर्मामीटर आम्ही एकदा शेजारी ठेवून पाहिले. चिमूट क्षणभर खाली जाऊन लगेच वर आली तेव्हा त्या म्हणाल्या, “सोड आता भजी,” आणि आकडा १७४ होता. ज्यांच्या हाताला ही पारख आहे त्यांना थर्मोस्टॅटची गरज नाही; ज्यांना ती अजून यायची आहे त्यांना थर्मामीटर ती लवकर शिकवतो. या तालमीनंतर बहुतेक घरांची फ्रायरची निकड निम्मी होते असा माझा समज आहे.

वीज आणि जागा

तालीम करूनही फ्रायर हवाच असे वाटले, तर विजेची पाहणी करावी. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला १३८० वॉटपेक्षा जास्त भार टाकू नये. २००० वॉटचा फ्रायर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, म्हणजे त्याला गिझरसाठी असतो तसा १६ अँपिअरचा पॉइंट, योग्य जाडीची तार आणि पक्के अर्थिंग लागते. मल्टिप्लग किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर तो कधीही लावू नये. तार तापते, आणि लोंबणाऱ्या वायरीत मुलाचा पाय अडकून अडीच लिटर उकळते तेल अंगावर येण्याची कल्पनाही करवत नाही.

खेड्यांत व्होल्टेजचा प्रश्न वेगळाच आहे. संध्याकाळी पंप आणि पंखे एकदम चालू झाले की दाब १९० व्होल्टपर्यंत घसरतो तिथे २००० वॉटचा फ्रायर प्रत्यक्षात १३६५ वॉटचाच उरतो, कारण व्होल्टेज घटले की कांडीची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. तेल तापायला दीडपट वेळ लागतो, आणि त्याहून वाईट म्हणजे घाणा सोडल्यावर ते सावरत नाही. तळण ऐन रंगात असताना वीज गेली तर पदार्थ मुकाट्याने कढईत हलवावे लागतात; आमच्यावर ही वेळ दोनदा आली. ज्या गावात संध्याकाळची वीज भरवशाची नाही तिथे फ्रायर हे गॅसचे पूरक साधन होऊ शकते, पर्याय नाही.

विजेचा खर्च तुलनेने किरकोळ आहे. अडीच लिटर तेल ३० वरून १८० अंशांवर न्यायला सुमारे ०.२ युनिट लागते, आणि तासभराच्या तळणात थर्मोस्टॅट मध्ये-मध्ये बंद पडतो हे धरले तर एखादे युनिट. उन्हाळ्यात मात्र त्याचा एक सुखद लाभ जाणवतो: भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या घरात असताना उघड्या ज्योतीसमोर उभे राहण्यापेक्षा झाकणाच्या फ्रायरशेजारी बसणे कितीतरी सुसह्य असते.

तेल टिकवणे, आणि आमचे काय चुकले

फ्रायर आल्यावर तेल टाकीतच ठेवण्याची सवय लागते. दर वेळी अडीच लिटर तेल उपसायचे, गाळायचे, भरायचे याचा कंटाळा येतो, झाकण लावले की दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते चांगले आहे असे मन समजते. पहिल्या पावसाळ्यात आम्ही तेच केले. आखाड तळून झाला, टाकीत दोन लिटरभर सोयाबीन तेल राहिले, आणि झाकण उघडले ते थेट गणपतीत. ताज्या रंगवलेल्या खिडकीसारखा वास आला. टाकीच्या कडेला तेलाच्या पातळीवर मधासारखा चिकट पट्टा बसला होता, तो नखाने खरवडला तर डिंकासारखा ताणला जात होता, आणि बुडाशी गुलगुल्यांचा काळा चुरा साचला होता. ते सगळे तेल फेकावे लागले आणि टोपलीचे सांधे मला गरम पाण्यात सोडा घालून तीन वेळा उकळावे लागले.

तेल बिघडवणाऱ्या गोष्टी सांगायच्या तर उष्णता, हवा, प्रकाश, पाणी, मीठ आणि चुरा. सोयाबीन तेलात सुमारे ७ टक्के लिनोलेनिक आम्ल असते, ते हवेशी लवकर संयोग पावते आणि त्यातून तो रंगासारखा वास येतो. शेंगदाण्याच्या आणि सरकीच्या तेलात हे आम्ल नगण्य असते, त्यामुळे तळणाला ती अधिक टिकाऊ; कापसाच्या आपल्या मुलखात सरकीचे रिफाइंड तेल मिळणे अवघड नाही. घाण्याच्या शेंगदाणा तेलाची चव निराळीच, पण ते रिफाइंडपेक्षा बरेच आधी धुरू लागते, म्हणून ते फ्रायरच्या टाकीत भरू नये. कढईत थोडे घेऊन त्याच दिवशी संपवावे. कल्हई गेलेल्या पितळी कढईतही तळू नये, कारण तांब्याच्या अंशाने तेल झपाट्याने खवट होते.

तळून झाल्यावर प्लग काढून तेल पूर्ण निवू द्यावे. मलमलीच्या दुहेरी फडक्यातून गाळून स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या जागी ठेवावे आणि डब्यावर तारीख व कितव्यांदा वापरले ते चिकटवावे. मासे किंवा कोंबडी तळलेले तेल वेगळे. तेल दाट वाटू लागले, तळताना बारीक फेस धरून राहू लागले, नेहमीच्या आचेवरच धूर येऊ लागला किंवा वास बदलला, तर मोह सोडावा. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलात एकूण ध्रुवीय घटक, म्हणजे तेल तापून बिघडताना त्यात तयार होणारे पदार्थ, २५ टक्क्यांहून अधिक असू नयेत अशी मर्यादा घातली आहे. घरी ते मोजण्याची सोय नसते, पण वरची लक्षणे दिसू लागली की ते तेल फेकण्याच्या लायकीचे झाले असे धरून चालावे. ते मोरीत ओतू नये, नळ्या तुंबतात. बाटलीत भरून, झाकण लावून वेगळे ठेवावे. एफएसएसएआयने वापरलेले तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्याची ‘रुको’ ही मोहीम २०१८ मध्येच सुरू केली आहे, त्यामुळे मोठ्या प्रमाणात तळणाऱ्यांनी तेल घेणाऱ्या संकलकाची चौकशी जरूर करावी.

आग हा विषय थोडक्यात सांगते, पण तो सर्वांत गंभीर आहे. कढईतले तेल पेटले तर गॅस बंद करून वरून धातूचे झाकण सरकवावे आणि ते निवेपर्यंत उचलू नये. पाणी कदापि टाकू नये. पाणी तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होते आणि पेटते तेल छतापर्यंत उडवते. याबाबतीत चांगला फ्रायर कढईहून सुरक्षित असतो, कारण ठरावीक तापमानाला तो स्वतः बंद पडतो. ज्या घरात वयस्कर माणूस एकटे स्वयंपाक करते, विसरभोळेपणा आहे, किंवा हात थरथरतो, तिथे माझा वरचा सगळा तेलाचा हिशेब बाजूला ठेवून फ्रायर घ्यायला हरकत नाही.

घ्यायचेच ठरले तर

दुकानात जाताना एक लिटरचे माप बरोबर न्यावे आणि दुकानदाराची परवानगी घेऊन खालच्या खुणेपर्यंत पाणी ओतून पाहावे. डब्यावर छापलेली क्षमता वरच्या खुणेची असते. आपल्या खिशाशी संबंध खालच्या खुणेचा आहे. त्यानंतर टाकी आणि कांडी दोन्ही सुटतात का ते पाहावे. कांडी तेलात, बुडापासून थोडी वर असेल तर तिच्याखालचे तेल कमी तापते आणि खाली पडलेला चुरा जळत नाही, त्यामुळे तेल जास्त दिवस टिकते. टाकी बाहेर निघत नसेल तर असे यंत्र धुताना वाकडे करून पाणी ओतावे लागते, आणि पाणी विजेच्या भागात जाण्याची भीती कायम राहते. असा फ्रायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. थर्मोस्टॅटवर ‘कमी-मध्यम-जास्त’ एवढेच लिहिलेले असेल तर तोही परत ठेवावा. अंश लिहिलेले असावेत, आणि ते १५० पर्यंत तरी खाली जावेत, नाहीतर शंकरपाळ्यांना त्याचा उपयोग नाही.

स्टीलचे, पाच-सहा लिटरचे, एका नळाने तेल काढता येणारे फ्रायर बाजारात हॉटेलांसाठी मिळतात आणि लिटरमागे ते घरगुती यंत्रापेक्षा स्वस्त पडतात. घरातल्या रोजच्या वापराला ते निरर्थक आहेत. पण बचत गटातून किंवा घरून वेफर्स, फरसाण, फ्राय केलेले खाद्यपदार्थ विकायचे असतील तर तेच योग्य. तिथे तेलाची उलाढाल असते आणि टाकी जुनी होत नाही. विक्रीसाठी एफएसएसएआयची नोंदणी आधी करून घ्यावी.

आमचा फ्रायर आता चोपड्याला माझ्या धाकट्या नणंदबाईंकडे आहे. त्या शाळेच्या सुट्टीत आणि सणांच्या आधी केळीचे वेफर्स करून विकतात आणि आठवड्यातून चार दिवस तो चालवतात. दर दुसऱ्या दिवशी त्या टाकीत लिटरभर नवे तेल ओततात, आणि त्यांच्या वेफर्सना तो खिडकीच्या रंगाचा वास कधी आलेला नाही. आमच्याकडे कढई, एक लांब सळईचा थर्मामीटर आणि तारेचा रुंद झारा एवढे आहे. बट्टीच्या जेवणाला पाहुणे जास्त असले की मी त्यांना आदल्या दिवशी फोन करते, आणि त्या फ्रायर पिशवीत घालून बसने घेऊन येतात.